वागीश्वरी आणि याशिका

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. एसटीच्या पाटीवर शिरूर, शाळेच्या दाखल्यावर शिरूर, पण कुणी गाव विचारलं की तोंडातून घोडनदीच येतं. आमचं घर ज्या स्टुडिओच्या मागे होतं, त्या स्टुडिओवाल्या काकांकडे वागीश्वरी होती. सागवानी अंग, पितळी पट्ट्या, चामड्याचा भाता. हा कॅमेरा केरळात, आलप्पुळ्याला के. करुणाकरन यांच्या कारखान्यात बनायचा आणि तिथून देशभर जायचा. १९४०च्या दशकापासून १९८०च्या दशकापर्यंत कितीतरी तालुक्याच्या गावांतले शाळेचे ग्रुप फोटो ह्या भात्यातून निघाले. काकांची वागीश्वरी फुल प्लेट, म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंचांची. शटर नावाची भानगड तिला नव्हती. लेन्सचं झाकण काढायचं, मनात मोजायचं, झाकण परत लावायचं.

आणि दौंडला माझे मामा रेल्वेत गार्ड. त्यांच्याकडे याशिका मॅट १२४ जी. रेल्वे कॉलनीतलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब ऑस्ट्रेलियाला कायमचं निघालं, तेव्हा पलंग, पियानो आणि कोंबड्यांच्या खुराड्याबरोबर तोही विकायला निघाला होता. पियानोला गिऱ्हाईक मिळालं की नाही, आठवत नाही; कॅमेरा मामांनी घेतला. एकावर एक दोन लेन्स, छातीशी धरून वरून खाली बघायचं, १२० च्या रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो.

शाळा घोडनदीत आणि सुट्ट्या दौंडात, असं माझं लहानपण गेलं. त्यामुळे फिल्मवर फोटो काढत हिंडायचं तर मोठा कॅमेरा न्यावा की मधला, हा प्रश्न मला कधी दुकानात पडला नाही. तो भीमेच्या अलीकडे आणि पलीकडे पडला.

आता फिल्मकडे पुन्हा वळलेली तरुण मुलं हाच प्रश्न विचारतात, तेव्हा आधी आकडे मांडतात. मांडू देत. पस्तीस मिलिमीटरच्या फ्रेमपेक्षा सहा बाय सहाची फ्रेम क्षेत्रफळानं साधारण साडेतीनपट मोठी. सहा बाय सहापेक्षा चार बाय पाच इंचांची शीट पुन्हा साधारण साडेतीनपट. भिंतीएवढा प्रिंट काढायचा नसेल तर पहिली उडी पुष्कळ झाली. वजनाचं म्हणाल तर मामांची याशिका किलोभर, गळ्यात अडकवली की विसरता येते. चार बाय पाचचा घडीचा कॅमेरा, दोन लेन्स, होल्डर, ट्रायपॉड, मीटर, काळं फडकं आणि चेंजिंग बॅग मिळून दहा किलोच्या घरात जातं. एका होल्डरमध्ये दोन शीट, दोन्ही अंगांना एकेक. म्हणजे सहा होल्डर घेतले की बारा फोटो. तेवढेच बारा फोटो १२० च्या एका रोलमध्ये मुठीत मावतात.

हे सगळं खरं आहे. पण ह्या हिशेबात माणसं कुठंच येत नाहीत, आणि माझ्याकडच्या निगेटिव्ह काढून बघितल्या तर त्यांत माणसांशिवाय दुसरं फारसं काही नाही. फोटोत दिसणारी वेगळी. मी म्हणते आहे ती कॅमेऱ्याच्या अलीकडची.

काकांनी मला काळ्या फडक्याखाली घेतलं ते मी आठवी-नववीत असताना. दुधी काचेवर समोरचं सगळं उलटं दिसतं, डोकं खाली, पाय वर, डावं-उजवंही फिरलेलं. दोन-चार दिवस गंमत वाटते, मग तेच सोयीचं होतं, कारण चेहरा ओळखू येत नाही आणि नजर आकाराकडे जाते. काकांचं शिकवणं म्हणजे एकच वाक्य : "पोरी, कोपरं बघ. मधलं काय, कुणीबी बघतंय." कोपऱ्यात कुणाची चप्पल, कुणाचा सायकलचा हँडल, शिपायाचा अर्धा हात. चारही कोपरे बघून झाल्याशिवाय ते झाकणाला हात लावू देत नसत. सरावाला त्यांनी मला गावातल्या कर्नल वॉलेसच्या कबरीवर पाठवलं होतं. घोडनदी ही इंग्रजांची जुनी छावणी; हा वॉलेस १८०९ मध्ये इथंच वारला आणि गावानं त्याला सत्पुरुष करून टाकलं, नवसबिवस सगळं. काकांचं कारण साधं होतं : "त्यो हलत न्हाय."

बाकीचं शिक्षण अंधारात झालं. शीटच्या कडेला खाच असते. ती उजव्या हाताला वर आली की इमल्शनची बाजू आपल्याकडे. होल्डरच्या स्लाइडची पांढरी कड बाहेर म्हणजे आत कोरी फिल्म, काळी कड बाहेर म्हणजे फोटो झालेला. होल्डरमधली धूळ सुक्या फडक्यानं पुसायची नाही, ती घासली की आणखी चिकटते. फडकं नुसतं दमट करायचं. घोडनदीच्या वैशाखात हे ज्ञान सोन्याच्या मोलाचं. निगेटिव्हवर पेन्सिलीनं रिटचिंग कसं करतात तेही त्यांनी दाखवलं, देवीचे व्रण कसे अलगद भरायचे ते. तो हात मला कधी आला नाही, आणि पुढे त्याची गरजही उरली नाही.

मामांचं सगळं उलट. ते शिकवत नसत, बरोबर नेत. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन तेव्हा दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. आता कॉर्ड लाइन झाल्यापासून काही गाड्या दौंड स्टेशनात न शिरताच वळतात. पण तेव्हा इंजिन फिरेपर्यंत अख्खी गाडी खाली उतरायची. सुरया भरणाऱ्या बायका, पान लावणारे, नळावर डोकं भिजवणारे जवान, पोराला कडेवर घेऊन इंजिन दाखवणारे बाप. मामा म्हणत, "खाली बघ. तू खाली बघतेस म्हणजे त्यांना वाटतं ही काहीतरी दुरुस्त करतीये." छातीशी धरलेल्या कॅमेऱ्यात मान घालून उभी असलेली मुलगी खरंच कुणाला खुपत नसे. डोळ्याला डोळा भिडत नाही. शटरचा आवाज चिमटीएवढा. आत आरसा उडत नाही म्हणून सेकंदाच्या तिसाव्या हिश्श्यालाही हात हलत नाही. पट्टा मानेवर ताणून धरला की पंधराव्यालाही चालतं. गार्डची भाची म्हणून स्टेशनात कुणी हटकत नसे, हा आणखी एक फायदा, त्याचं श्रेय याशिकाला देता येणार नाही.

रोल मिळेल तो. उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू, नाहीतर पूर्व जर्मनीचा ओर्वो. बारा झाले की संपलं. मामा फोटोचीही वही ठेवत, गार्डच्या डायरीसारखीच आखलेली : ठिकाण, वेळ, उजेड, ॲपर्चर, आणि शेवटचा रकाना 'उशिराचं कारण'. ह्या रकान्यात रेल्वेत सिग्नल, पाणी, म्हैस असलं काहीतरी लिहितात. मामा फोटोसाठीही प्रामाणिकपणे भरत : ढग. बाई हसली. शिंक. माझ्या वहीत तो रकाना आजही आहे आणि सगळ्यात करमणुकीचा तोच आहे.

मोठ्या कॅमेऱ्याचा नाद मला नोकरी लागल्यावर पुन्हा लागला. गावोगाव रंगीत फोटोंच्या लॅब निघाल्या होत्या, काकांच्या स्टुडिओत आता पासपोर्ट फोटोपुरतं गिऱ्हाईक उरलं होतं, आणि वागीश्वरी घेऊन हिंडणं एसटीच्या प्रवासात शक्य नव्हतं. मुंबईला बोरा बाजारात जुना टोयो मिळाला, चार बाय पाचचा, घडी घालता येणारा. काका बरोबर आले होते. दुकानदारानं लेन्सचं कौतुक सुरू केलं तर काकांनी त्याला मागची खोली अंधारी करायला लावली, भात्यात बल्ब सोडला आणि बाहेरून इंच-इंच तपासला. भात्याला सुईएवढं भोक असलं तरी उजेड आत शिरतो आणि प्रत्येक निगेटिव्हवर तोच डाग पडतो. एक भोक निघालं. काकांनी त्याचे पैसे कमी करून घेतले आणि घरी आल्यावर काळ्या कापडाची चिंधी आणि रबर सोल्युशननं ते बुजवलं. चिंधी अजून जागेवर आहे.

पहिली सहल टाकळी हाजीच्या बाजूनं कुकडीच्या पात्रात, रांजणखळग्यांना. पलीकडचा काठ निघोजचा, म्हणजे पारनेर तालुका, अलीकडचा आमचा. पाण्याबरोबर गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी काळ्या बसाल्टमध्ये पोखरलेले रांजण, काही माणूस उभा मावेल एवढे. मोठा कॅमेरा कशासाठी असतो हे मला तिथं कळलं. पायाशी असलेला खळगा आणि समोरची कपार दोन्ही स्पष्ट हवीत, तर याशिकाला ॲपर्चर पार बारीक करूनही पुरत नाही. टोयोची लेन्स धरणारी पुढची पट्टी जरा पुढे झुकवली, की स्पष्टतेचं प्रतल खडकाबरोबर आडवं होतं आणि जवळचं-लांबचं एकदम ताब्यात येतं. काचेवर ते होताना बघणं हा सुखाचा भाग. दुःखाचा भाग असा, की खडक तव्यासारखा तापलेला आणि वारा भात्यात शिरून सगळं थरथरवणारा. काका सत्तरीचे. त्यांनी छत्री उघडली, स्वतःवर नव्हे, कॅमेऱ्यावर धरली, आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले. होल्डरच्या डब्याला ओलं फडकं गुंडाळून ठेवलं होतं तेही त्यांनीच. परतताना म्हणाले, "ह्यो एकट्यानं न्यायचा कॅमेरा न्हाय. कुणीतरी लागतंच."

मला ते तेव्हा म्हातारपणाचं वाक्य वाटलं. पुढे फोटोग्राफर सॅम्युअल बोर्नबद्दल वाचलं. १८६४ च्या काश्मीर प्रवासात त्याच्या काचा, रसायनं आणि अंधाऱ्या तंबूचं ओझं वाहायला चाळीसच्या वर हमाल होते. ओल्या कोलोडियनची काच जागेवरच तयार करायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि तिथंच धुवायची, म्हणून सगळा संसार डोंगरावर. बोर्नचे फोटो मोठमोठ्या संग्रहांत आहेत. हमालांची नावं कुठंच नाहीत. प्रेस फोटोग्राफर होमाई व्यारावाला मात्र दिल्लीत साडी नेसून, स्पीड ग्राफिकसारखा मोठा कॅमेरा हातात धरून पुढाऱ्यांच्या गर्दीत शिरत; त्यांच्याकडे रोलायफ्लेक्सही होता. म्हणजे एकटीनं जमतं, पण त्यासाठी होमाई असावं लागतं.

मला माणसं लागली, आणि सगळ्यात जास्त लागली भुलेश्वरला. भुलेश्वर पुरंदर तालुक्यात, पण वाट यवतवरून, म्हणजे दौंड तालुक्यातून. टेकडीवर मुरार जगदेवानं १६३४ मध्ये बांधलेला दौलतमंगळ किल्ला, आणि त्याच्या पोटात त्याहून कितीतरी जुनं यादवकालीन मंदिर. त्याला बाहेरून नंतरच्या काळात चुनेगच्ची भिंती आणि घुमट चढले, त्यामुळे जी शिल्पं उन्हात असायची ती आता अंधाऱ्या बोळात आहेत. मदनिका, युद्धाचे पट्ट, स्त्रीरूपातला गणपती. कित्येकांचे चेहरे फोडलेले, तरी कमरेचा बाक आणि बोटांची ठेवण अशी की फोडणाऱ्याची कीव यावी. उजेड एखाद्या झरोक्यातून येतो आणि भिंतीवरून सरकत जातो.

तिथं मीटर बावीसच्या ॲपर्चरला तीस सेकंद दाखवतो. फिल्म मात्र इतक्या मंद उजेडात आळसावते. एफपी फोरला तीसऐवजी सत्तरेक सेकंद द्यावे लागतात. सव्वा मिनिट बोळात कुणी दिवा लावू नये, टॉर्च मारू नये, ट्रायपॉडला धक्का लावू नये. येणाराजाणारा चालत राहिला तर त्याची फिल्मवर नोंदही होत नाही, पण थांबून "काय चाललंय?" विचारणारा उमटतो. परवानगीचा कागद माझ्याजवळ होता, पण कागदाला कोण थांबतं? थांबवलं ते यवतच्या एका पोरानं.

त्याच्या घराची ओळख वारीतली. तुकोबांच्या पालखीचा यवतला मुक्काम असतो आणि गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी घालतं. हजारो भाकऱ्या घराघरांतून भाजून येतात. एका वर्षी मी याशिका घेऊन तिथं होते. एका घराच्या ओट्यावर बायका थापायला बसलेल्या, चुलीचा जाळ तोंडावर. मी खाली बघून उभी. घरच्या वहिनी म्हणाल्या, "बसून काढा की, का उभ्या?" आणि पाट सरकवला. चारशेची फिल्म, तिसावा हिस्सा, रोलभर फोटो. मग कॅमेरा बाजूला ठेवून त्यांनी मला परातीसमोर बसवलं. माझ्या भाकरीवर बायका खूप हसल्या, ते फोटोत नाही. मोठा कॅमेरा घेऊन त्या ओट्यावर कुणी मला पाट दिला नसता. ट्रायपॉडची तीन तंगडी मांडायला जागा कुठली? आणि मांडली असती तर बायका थापणं सोडून पदर सारखा करून बसल्या असत्या.

पण प्रिंट द्यायला गेले तेव्हा भुलेश्वराचा विषय निघाला आणि वहिनींनी थोरल्याला माझ्याबरोबर धाडलं. कॉलेजातला मुलगा. त्यानं ट्रायपॉड खांद्यावर घेतला, बोळाच्या तोंडाशी उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येकाला अत्यंत अदबीनं सांगू लागला, "सव्वा मिनिट थांबा, मॅडम श्वास रोखून आहेत." मी रोखून नव्हते. पण लोक थांबले. बाहेर आल्यावर शिखरासाठी पुढची पट्टी वर सरकवली, म्हणजे कॅमेरा मागे न झुकवता कळस आत येतो आणि देऊळ पाठीवर पडल्यासारखं दिसत नाही. ते त्यानं काचेवर बघितलं आणि आणखी दोन तास घरी जायचं नाव काढलं नाही.

रस्त्याच्या कडेला ट्रायपॉड लावला की ह्या भागात हमखास एक माणूस मोटरसायकल थांबवतो आणि विचारतो, "मोजणी कशाची?" रिंगरोड, कालवा, एमआयडीसी, कशात ना कशात जमीन जायची धास्ती प्रत्येकाला आहे. फोटो काढतेय म्हटलं तर पटत नाही. एवढ्या मोठ्या डब्यानं फोटो? मग त्याला फडक्याखाली घ्यायचं. आपलाच ऊस आभाळातून लोंबताना बघून तो खुलतो, घरून चहा मागवतो, वाऱ्याच्या अंगाला स्वतःची मोटरसायकल आडवी लावतो. माझ्या 'उशिराचं कारण' रकान्यात मोजणी हा शब्द ढगाच्या खालोखाल आहे. याशिका घेऊन हिंडताना हे कधी घडत नाही. मी येते, बारा फोटो काढते, जाते. कुणाचं काही लागत नाही आणि कुणी माझं काही लागत नाही. यवतसारखा पाट एखाद्याच ठिकाणी.

मधला मार्ग म्हणून लोक मामियाचा आरबी ६७ सुचवतात. सहा बाय सातची फ्रेम, उभी-आडवी करायला फिरणारी पाठ, उत्तम लेन्स. मी तो वापरून बघितला आहे. स्टुडिओत राजा. पण खांद्यावर घेऊन रोटी घाट चढा, वजन जवळजवळ टोयोएवढंच भरतं आणि झुकवणं-सरकवणं काही नाही. एवढं ओझं न्यायचंच तर पुरतं न्यावं, असं माझं मत आहे, आणि ते हटवादी आहे हे मान्य.

रोटी घाटात पाटसकडून पालखी वर चढते, तिथं टोयो एकदाच लावला. पूर्ण एक सेकंद. दिंड्या पुसट झाल्या, पताका थोड्या हलल्या, आणि कडेला दम खायला टेकलेली एक म्हातारी तेवढी नखशिखांत स्पष्ट आली. ट्रायपॉड धरायला त्या वेळी मामा होते. निवृत्त झाले होते, गुडघे दुखत होते, तरी आले. नंतर मी त्यांना तिथंच टोयोसमोर बसवलं. आयुष्यभर इतरांना न कळता टिपणारा माणूस काचेसमोर अवघडून बसला आणि मी फडक्याखाली असेपर्यंत तीनदा मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. माझ्याकडे त्यांचा तोच एक मोठा फोटो आहे, मान खाली, घड्याळाकडे बघताना. काकांचा मात्र टोयोवर एकही नाही. त्यांचे सगळे याशिकावरचे : छत्री धरलेले, बल्ब धरलेले, कुणाला तरी रागावताना. कॅमेऱ्यासमोर बसा म्हटलं की म्हणत, "आपण मागचं माणूस." दोघंही आता नाहीत.

प्रवासाला निघताना मी आता फिल्मच्या आकाराचा विचार शेवटी करते. आधी फोन करते. बरोबर येणारं कुणी आहे का, त्याला उन्हात उभं करण्याइतका माझा हक्क आहे का, परतफेडीला प्रिंट सोडून काही देता येईल का. हो असेल तर टोयो. चार बाय पाचचा कॉन्टॅक्ट प्रिंट छत्री धरणाऱ्याला, मोटरसायकल लावणाऱ्याला, चहा पाठवणाऱ्या घराला, असा ज्याचा त्याला पोचता करायचा हा काकांचा शिरस्ता. ते ग्रुप फोटोचा एक प्रिंट बाकं उचलणाऱ्या शिपायालाही देत, फुकट. कुणाला त्रास द्यायची हिंमत नसेल, किंवा मन थकलेलं असेल, तर याशिका गळ्यात घालते आणि दौंडची गाडी पकडते.

परवा यवतला फोन केला. थोरला आता कुरकुंभला कंपनीत आहे, पाळ्यांची नोकरी. पालखीच्या तारखा विचारल्या, पाऊसपाण्याचं झालं, मग वहिनींनीच विचारलं, "ताई, औंदा मोठा आणताय का बारका? मोठा असंल तर आत्ताच सांगा, पोराला रजा टाकाय लावते."